कुवारबावची निळी भिंत

रत्नागिरीतल्या पेठकिल्ल्यावरची मैना शिवलकर काय काम करते, हे एका वाक्यात सांगून कुणाला पटायचं नाही. तिचा नवरा गंगाराम लाँचवर खलाशी. तिची सासू, नणंद, शेजारणी सगळ्या मासळीच्या धंद्यातल्या. आणि मैना मात्र पाठीला पिशवी लावून, रंगाचे डाग पडलेला पंजाबी ड्रेस घालून रोज वर गावात जायची आणि लोकांची रिकामी घरं सजवायची. त्या घरांत कुणी राहणार नसायचं. ती विकायची असायची.

सुरुवात झाली ती झाडू मारण्यापासून. हर्षद सुर्वे जागांच्या खरेदी-विक्रीचं काम बघायचा. मुंबई-पुण्याला गेलेल्या लोकांचे बंद फ्लॅट त्याच्याकडे असायचे आणि गिऱ्हाईक येण्याआधी ते झाडून-पुसून ठेवायला तो मैनाला बोलवायचा. साळवी स्टॉपकडचा एक फ्लॅट काही केल्या जाईना. गिऱ्हाइकं दारातच नाक मुरडायची आणि माघारी फिरायची. मैनाला त्या घराची कीव आली. घरी गणपतीच्या रंगकामातला पिवळा उरला होता. त्यात तिने भरपूर पांढरा घातला, हळदीच्या दुधासारखा रंग केला आणि समोरची एकच भिंत रंगवून काढली. आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या घासून आडव्या ठेवल्या, त्यावर करवंटीत लावलेलं मनीप्लांट. खिडकीला तिची जुनी सुती साडी. पुढचं गिऱ्हाईक आलं ते आत शिरलं आणि चक्क पेटीवर बसलं.

"बसलं म्हणजे झालंच समजा, वहिनी," हर्षद म्हणाला. आणि झालंच.

तेव्हापासून मैनाचा हात लागल्याशिवाय हर्षद घर दाखवेना. फाटक्या जाळ्यांचे पडदे, जाळं तरंगत ठेवणाऱ्या बोयांचे दिवे, गोणपाटाच्या उशा, शिंपल्यांच्या चौकटी. गंगाराम बंदरावरून तिला हवं ते उचलून आणायचा आणि म्हणायचा, "आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाय, आणि ही दुसऱ्यांची घरं मोकळी करते." पण बंदरावर चार लोकांत बोलताना त्याची मान ताठ असायची. मैनाला वाटायचं, अख्ख्या रत्नागिरीत हे काम आपण एकटीच करतो. ते खरंही होतं.

मग मनस्वी आली.

मनस्वी भाटकर, झाडगावची पोर. पुण्यात शिकून, तिथेच दोन-तीन वर्षं नोकरी करून परत आली होती. आईचं दुखणं निघालं म्हणून आली आणि इथेच राहिली. हर्षदने तिला पहिला फ्लॅट दिला तेव्हा मैनाला तो म्हणाला, "तुमच्यावर फार लोड येतो ना वहिनी, म्हणून." मैनाने कधी लोड येतो म्हटलं नव्हतं.

पोरगी वाईट नव्हती, हेच खरं दुखणं होतं. उर्मट असती तर मैनाने चारचौघांत तिला नावं ठेवली असती आणि पोट हलकं करून घेतलं असतं. पण ती भेटली की हसायची, "मावशी, तुमचा तो बोयांचा दिवा मी फोटोत पाहिला, काय सुंदर आहे!" म्हणायची. मैना नुसतं "हं" म्हणायची. मावशी! आपण काय इतक्या थोराड दिसतो? घरी येऊन ती आरशात बघायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

मनस्वी प्रत्येक घराचे फोटो काढून मोबाइलवर टाकायची. मैनाची लेक, पूर्वी नाव तिचं, दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, मी तुला एक पाठवलंय, बघ. रत्नागिरीतलीच आहे ही. काय भारी काम करते! माझ्या सगळ्या मैत्रिणींना आवडलं."

मैनाने बघितलं. बघून बाजूला ठेवलं. पुन्हा उचललं. "माझं काम कधी दाखवलंस गो मैत्रिणींना?" तिने विचारलं.

"अगं, तू फोटो कुठे काढतेस?" पूर्वी हसत म्हणाली.

बोलणं खरं होतं, पण ते मैनाच्या जिवाला लागलं. त्या दिवसापासून तिला एक खोड जडली. भाजी निवडता निवडता, बसची वाट बघताना, कुठेही ती मोबाइल काढायची आणि मनस्वीची घरं बघायची. दोष शोधायची. पडदा आखूड आहे. कुंडीचा रंग भडक आहे. दोष सापडला की जरा बरं वाटायचं, नाही सापडला की जेवण गोड लागायचं नाही. गंगारामच्या हे ध्यानात आलं होतं. "समुद्रात आपली एकच लाँच असते काय?" तो एकदा म्हणाला. "दुसऱ्याचं जाळं भरलं म्हणून आपलं फाटत नाय."

"तुम्ही गप्प बसा," मैना म्हणाली.

आणि एक दिवस हर्षदचा फोन आला. "वहिनी, एक काम करा. मी रजिस्ट्रेशनच्या रांगेत अडकलोय आणि मनस्वी मालगुंडला गेलीय. मुंबईची पार्टी यायची आहे कुवारबावला. तुम्ही तेवढं दार उघडून घर दाखवाल? चावी वॉचमनकडे आहे."

कुवारबावचा तो फ्लॅट मैनाला पाठ होता. मागे तिने तो किती वेळा झाडला होता. हॉलची एक भिंत सदा ओली असायची, लोणा धरलेली, पोपडे सुटलेली. खाली पडलेला चुरा तीच गोळा करायची. तो फ्लॅट आपल्याला मिळेल अशी तिला आशा होती आणि तो मनस्वीला गेला होता.

ती मुद्दाम लवकर गेली. दार उघडताना तिने चोरासारखं मागे वळून पाहिलं. आत पाऊल टाकलं आणि ती उभीच राहिली.

तीच भिंत. पण आता ती गडद निळी होती, खोल समुद्रात लाँच गेल्यावर पाण्याला येतो तो निळा. मैनाने एवढ्याशा हॉलमध्ये असला काळसर रंग जन्मात लावला नसता. लहान खोलीला फिकट रंग, हा तिचा नेम. पण इथे त्या निळ्याने समोरची खिडकी अशी उजळली होती की बाहेरचा फणस घरात आल्यासारखा वाटत होता. भिंतीवर सुंभाच्या गाठी मारून केलेली एक मोठी जाळी टांगली होती, वर तशीच साधी आणि खाली खाली निळ्यात बुडत गेलेली. बाकी खोलीत जवळजवळ काहीच नव्हतं. खिडकीशी एक वेताची खुर्ची, तोंड बाहेर करून.

मैना त्या खुर्चीत बसली. दोष शोधायला बसली होती. पण फणसाच्या पानांवरचं ऊन बघता बघता ती दोष शोधायचं विसरून गेली, आणि हे लक्षात आलं तशी ती चटकन उठून उभी राहिली. आपल्या घरांत लोक शिरले की म्हणतात, 'अय्या, किती छान केलंय!' इथे येऊन माणूस काही म्हणणारच नाही. नुसतं बसेल. आणि उठेल तेव्हा त्याला ते घर आपलं वाटायला लागलेलं असेल. हे आपल्याला सुचलं नव्हतं. सुचलं नसतं.

बेल वाजली. दारात एक वयस्क जोडपं होतं. महिपत जाधव आणि यमुनाबाई. मूळ गाव खेडजवळचं, पण सगळी हयात मुंबईत गेलेली. महिपतदादा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते आणि यमुनाबाई एका मोठ्या हॉस्पिटलात आया होत्या. आता निवृत्त होऊन, थोरल्या मुलाची नोकरी रत्नागिरीत म्हणून इकडे घर बघत होते.

महिपतदादा सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले. काही बोललेच नाहीत. यमुनाबाई निळ्या भिंतीपाशी गेल्या, सुंभाच्या गाठींवरून बोटं फिरवली आणि वळून म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत, ताई? आयुष्यभर एका खोलीत राहिले हो मी. घरात शिरल्यावर असं शांत वाटावं, एवढंच मागत होते."

मैनाच्या तोंडून 'हो' निघणार होतं. अगदी ओठांवर आलं होतं. 'नाही, ती मनस्वी म्हणून एक मुलगी आहे, तिने केलंय' असंही म्हणता आलं असतं. यातलं ती काहीच बोलली नाही.

ती म्हणाली, "भिंत मात्र नीट बघून घ्या हो. या भिंतीला पाणी येतं. वरून झाकलंय एवढंच."

यमुनाबाईंचं बोट गाठीवरून निघालं. त्यांनी महिपतदादांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले.

"तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं," यमुनाबाई जाताना मैनाचा हात धरून म्हणाल्या. "नाहीतर आमच्यासारख्यांना कोण सांगतंय."

त्या संध्याकाळी मैनाने पापलेटची आमटी आणि भात केला, तुकड्याही तळल्या. गंगाराम खूश. "आज काय लॉटरी लागली काय गो?" मैना हसली. आपण खोटं कुठे बोललो, असं ती मनात घोळवत होती. पोपडे आपल्या हाताने गोळा केलेत. खरं बोलणं म्हणजे काय पाप आहे?

दुसऱ्या दिवशी हर्षदचा फोन आला. पार्टीने कुवारबावला नकार दिला होता. "काय बिनसलं कळेना. पण वहिनी, तुमचं नाव घेत होत्या त्या बाई. म्हणाल्या, त्या ताई माणूस म्हणून सरळ वाटल्या. तुम्हीही घरं सजवता म्हटल्यावर म्हणाल्या, त्यांनी सजवलेलं घर असेल तर दाखवा. नाचणे भागातला तुमचा फ्लॅट रविवारी दाखवूया."

मैना मोबाइल हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. आनंदाने. मनस्वीचा फ्लॅट पडला आणि आपला उभा राहिला, याहून जास्त काय हवं होतं?

रविवारच्या आधी ती रामआळीतल्या रंगाच्या दुकानात ब्रश घ्यायला गेली, तर तिथे मनस्वी उभी. नेहमीसारखी हसली नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मावशी, पाच मिनिटं बोलू?" ती म्हणाली आणि दोघी दुकानाच्या पायरीवर बाजूला झाल्या.

"कुवारबावचा सौदा मोडला. हर्षदसरांनी खोदून विचारलं, तेव्हा एवढंच कळलं की कुणीतरी त्यांना भिंतीला पाणी येतं म्हणून सांगितलं." तिचा आवाज चिरकला. "मावशी, मी ती भिंत आधी फोडून घेतली होती. वरच्या बाथरूमचा पाइप फुटका होता. वरचे लोक ऐकेनात, मालक पुण्याहून ऐकेनात. किती दिवस मी भांडत होते. पाइप बदलून, भिंत वाळल्याशिवाय रंगाचा डबा उघडणार नाही म्हणून अडून बसले. हर्षदसरांनाही सांगितलं नव्हतं, ते म्हणाले असते कशाला वेळ घालवतेस. कोण बोललं असेल हो? घर दाखवताना तुम्ही होतात ना, तुमच्यासमोर कुणी काही बोललं का?"

मैनाने मान हलवली. ती हलवताना होकार की नकार, तिचं तिलाच समजलं नाही. "माझी बस चुकेल," म्हणून ती ब्रश न घेताच निघाली.

बस आली, गेली. ती चालतच उतारावरून घरी आली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती मनस्वीवर झालेल्या अन्यायाची नव्हती. इतक्या वर्षांत एकाही घराची भिंत तिने फोडून घ्यायला लावली नव्हती. ओल दिसली की तिने त्यावर पेटी लावली, पडदा लावला, दोन हात जास्त रंग मारला. तसं करायचं असतं असंच तिला वाटायचं. नाचण्याच्या फ्लॅटमध्येही मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल होती. त्यासमोर तिने आंब्याच्या पेट्यांचं एक देखणं उभं कपाट उभं केलं होतं, शेवाळी रंगाचं. तिचं सगळ्यात आवडतं काम.

त्या पोरीने इथेही आपल्याला मागे टाकलं होतं. मत्सराला लाज चिकटली की तो जास्तच झोंबतो. मैनाला रात्रभर मनस्वीचाच राग येत राहिला.

रविवारी नाचण्याला हर्षद, यमुनाबाई, महिपतदादा, सगळे आले. यमुनाबाईंनी घर पुरतं बघितलंसुद्धा नाही. मागच्या खोलीत येऊन शेवाळी कपाटावर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता जास्त बघायला नको. ह्या ताईंनी केलंय ना, मग डोळे मिटून घ्यायचं."

हर्षद खूश होऊन खिशातून मोबाइल काढत होता. मैना पुढे झाली. मग तिने पेट्यांचं ते कपाट दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. वरची करवंटीतली झाडं घरंगळून फरशीवर पडली, माती सांडली. मागे भिंतीवर हिरवट-काळा डाग होता, दाराएवढा.

"वहिनी, हे काय करताय?" हर्षद ओरडला.

"ही ओल आहे," मैना म्हणाली. "मी झाकली होती. आणि कुवारबावची भिंत कोरडी आहे. त्या मुलीने पाइप बदलून घेतलाय. मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं."

हर्षदने मोबाइल खिशात टाकला. मग यमुनाबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, हॉस्पिटलात पेशंटला विचारावं तसं. "मग त्या दिवशी तसं का म्हणालात?"

मैनाने पुष्कळ उत्तरं जमवून ठेवली होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली. "ती डोळ्यांत सलत होती माझ्या," ती म्हणाली. "तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे."

यमुनाबाईंनी हात धरला नाही, समजूत घातली नाही. "त्या पोरीला सांगितलंत हे?" एवढंच विचारलं. "अजून नाय," मैना म्हणाली. "मग आधी तिच्याकडे जा. आम्हाला काय, आम्ही घर बघणारी माणसं. नाही पटलं, दुसरं बघू." आणि पदर सावरून त्या बाहेर पडल्या. महिपतदादांनी जाता जाता वाकून एक करवंटी सरळ केली.

झाडगावला मनस्वीच्या दारात मैना उभी राहिली तेव्हा ती आईला औषध देत होती. मैनाने ओटीवर उभ्यानेच सगळं सांगितलं. मनस्वी ऐकत होती. हातातला चमचा तिने बशीत ठेवला.

"पायरीवर मी तुम्हाला विचारत होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"मला एकदा विचारायचं होतंत ना. भिंतीचं काय केलंस म्हणून. मी तुम्हाला सगळं दाखवलं असतं." ती रडली नाही, पण तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "आता या तुम्ही, मैनाबाई."

मावशी म्हणाली नाही.

हर्षदने पुढे बरेच दिवस मैनाला फोन केला नाही. जाधवांनी एक माहितगार मिस्त्री आणून कुवारबावची भिंत ठोकून-ठाकून बघितली आणि तोच फ्लॅट घेतला. घरभरणीला बुद्धवंदना होती, जेवण होतं. यमुनाबाईंनी मैनाला आठवणीने बोलावलं. गंगाराम म्हणाला, "जा. नाय गेलीस तर तुलाच जड जाईल." ती गेली. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती निळ्या भिंतीसमोर मांडली होती, आणि ती भिंत जणू त्यासाठीच रंगवली होती असं दिसत होतं. लोक मनस्वीला कौतुकाने विचारत होते. मैना स्वयंपाकघरात पानं वाढत राहिली. तिथेसुद्धा छातीत काहीतरी ओढत होतं. सगळं कबूल केलं, सगळं फेडलं, तरी ते गेलं नव्हतं. ते जाईल असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

काही महिन्यांनी हर्षदने परटवण्याचा एक फ्लॅट दिला. मैना आत शिरली आणि आधी छताकडे बघितलं. "वरची गळती काढल्याशिवाय मी रंग हातात घेणार नाय," ती फोनवर म्हणाली. हर्षद वैतागला. तुम्हा दोघींना काय झालंय, म्हणाला. पण त्याने माणूस पाठवला.

मोबाइलवर मनस्वीची घरं बघायची खोड मात्र सुटली नाही. फक्त आता ती फोटो मोठा करून बघायची, गाठ कशी मारली आहे, रंग कुठे थांबवला आहे. काही कळायचं, काही नाही. एक सुंभाची गाठ तर तिने घरी बसून तीनतीनदा करून पाहिली, गंगारामलाही विचारलं, तो जाळ्यांच्या गाठी मारण्यात पटाईत. त्यालाही जमली नाही.

शेवटी एका सकाळी ती थिबा पॅलेस रोडला गेली. तिथल्या एका घरात मनस्वीचं काम चालू आहे हे तिला ठाऊक होतं. दार उघडंच होतं. आत मनस्वी शिडीवर चढून रोलर फिरवत होती, केस टॉवेलात बांधलेले. मैना उंबऱ्यावर थांबली.

"ती जाळीची खालची गाठ," ती म्हणाली, "मला जमत नाय. दाखवशील?"

रोलर थांबला. मनस्वीने वळून पाहिलं. मग ती शिडीवरून उतरली.

"चप्पल बाहेर काढा," ती म्हणाली. "फरशी आत्ताच पुसलीय."